ठेवणीतली चाकं

परवा रविवारी संध्याकाळी जर्मनीहून आमच्या चिरंजिवांचा फोन आला. हल्ली फोन म्हणजे चेहऱ्यासकट येतो. पण या वेळी चेहरा काही दिसेना. दिसत होतं एक तळघर, भिंतीशी ठेवलेली चार चाकं आणि त्यांच्यापुढे हातात बॅटरी घेऊन उकिडवा बसलेला आमचा पन्नाशीकडे झुकलेला मुलगा!

"काय हरवलं रे?" मी विचारलं.

"हरवलं काही नाही बाबा. थंडीचे टायर काढलेत. पुढच्या शनिवारी गाडीला चढवायचेत. त्याआधी एकदा नीट बघून घेतोय."

मंडळी, तिकडे गाडीला टायरांचे दोन जोड असतात, एक उन्हाळ्याचा आणि एक थंडीचा. पारा साधारण सात अंशांच्या खाली गेला की उन्हाळी टायरचं रबर कडक होतं आणि रस्त्याला धरत नाही. थंडीच्या टायरचं रबर मऊ असतं आणि त्यावर बारीक बारीक चिरे कापलेले असतात, ते बर्फाला धरून ठेवतात. असा खास बर्फाचा टायर पहिल्यांदा फिनलंडमध्ये 1934 साली निघाला, तोही ट्रकसाठी. मोटारीसाठी दोन वर्षांनी. जर्मनीत रस्त्यावर बर्फ असेल तर असे टायर लावण्याची 2010 पासून कायद्याने स्पष्ट सक्तीच आहे. लोकांनी लक्षात ठेवायला एक सोपं सूत्र केलंय, "ओ बिस ओ". म्हणजे ऑक्टोबरपासून ओस्टर्नपर्यंत. ओस्टर्न म्हणजे ईस्टर. ज्यांच्या घरी जागा नाही ते दुसरा जोड गॅरेजवाल्याकडे ठेवतात आणि त्या जागेला चक्क "टायरांचं हॉटेल" म्हणतात! सौ. म्हणाली, "माणसांची सोय नसेल इतकी टायरांची."

मुलगा एकेक गोष्ट दाखवत होता. टायरच्या कडेवर एका चौकटीत चार आकडे असतात. 3518 असेल तर 2018 सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेला. म्हणजे टायरची जन्मपत्रिकाच म्हणा ना! मग खाचांची खोली. कायद्याने 1.6 मिलिमीटर चालते, पण बर्फासाठी जाणकार 4 सांगतात. मग कुठे खिळा, कुठे फुगवटा. शेवटी त्याने एका टायरच्या कडेला अंगठा दाबला आणि म्हणाला, "हे बघा बाबा, इथे केसासारख्या चिरा पडल्यात. आत बघितलं तर खोल आहेत."

तो दाबलेला अंगठा बघितला आणि मी गप्पच झालो. असाच अंगठा मी 1986 साली पाहिला होता, अंबड तालुक्यातल्या एका अंगणात. ती गोष्ट आज सांगायची आहे. पण मास्तर माणूस, आधी चाकाची गोष्ट सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही. तेवढं सोसून घ्या.

आमच्या लहानपणी, म्हणजे 1950 च्या दशकात, गावात टायर हा शब्द कुणाच्या तोंडी नव्हता. होती ती धाव. बैलगाडीचं चाक बाभळीच्या लाकडाचं. मधे तुंबा, तुंब्यात बसवलेले आरे, आऱ्यांच्या टोकांवर बाकदार लाकडी तुकडे जोडून केलेलं गोल कडं, आणि त्या सगळ्याला आवळून धरणारी लोखंडी पट्टी म्हणजे धाव. गंमत बघा, इंग्रजीतला टायर हा शब्द "अटायर" म्हणजे पोशाख यावरून आला असं सांगतात. इंग्रजांनी चाकाला कपडे घातले, आपण त्याला धाव दिली.

धाव चढवणं हा आम्हा पोरांना बघण्यासारखा सोहळा असे. लोहार धाव मुद्दाम चाकापेक्षा किंचित लहान करायचा. मग ती जमिनीवर आडवी ठेवून भोवती गोवऱ्या रचायच्या आणि पेटवून द्यायच्या. लाल झाली की दोघा-तिघांनी सांडशीनं उचलून चाकावर बसवायची, घणाचे चार ठोके घालायचे आणि लगेच वरून घागरीनं पाणी. चर्र आवाज, वाफेचा लोट, आणि लाकूड करकरत आवळलं जायचं. पुढे शाळेत "उष्णतेने धातू प्रसरण पावतात" हा धडा शिकवताना मी नेहमी हेच उदाहरण देई. चार फूट व्यासाच्या चाकाची धाव पाचशे अंशांनी तापवली, तर तिचा घेर साधारण सव्वादोन सेंटिमीटरनं वाढतो. एवढ्याशा फरकावर सगळी गाडी उभी असायची.

आता या धावेचीही तपासणी असे, आणि तिचाही हंगाम ठरलेला असे. आपल्याकडे चाकाचा वैरी बर्फ नव्हे, ऊन. चैत्र-वैशाखात मराठवाड्याच्या कोरड्या उन्हात लाकूड वाळून आकसतं आणि लोखंड मात्र तेवढंच राहतं. मग धाव ढिली पडते. भरल्या गाडीची धाव वाटेत निसटली तर चाक पाचोळ्यासारखं विखरून जायचं. म्हणून अक्षय्य तृतीया झाली की मृग लागायच्या आत वडील चाकं उतरवून भिंतीला टेकवायचे आणि हातात गोटा घेऊन धावेवर ठिकठिकाणी मारत जायचे. टणटण वाजली तर आवळलेली, बद्द वाजली तर ढिली. थोडी ढिली असेल तर चाक रात्रभर हौदात भिजत टाकायचं, लाकूड फुगून बसायचं. जास्त असेल तर लाकडी पाचर ठोकायची. त्यानेही भागलं नाही तर लोहाराच्या दारात जाऊन धाव तोडून, लहान करून पुन्हा चढवायची.

मोठेपणी जालन्याच्या स्टेशनवर मी हाच प्रकार पाहिला आणि हसू आलं. निजामाच्या काळात, 1900 च्या सुमारास, मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारी मीटरगेज लाईन आपल्याकडून गेली. त्या गाडीच्या चाकांवरून एक खाकीतला माणूस लांब दांड्याचा हातोडा टणटण मारत जायचा. आगगाडीच्या चाकावरही पोलादी धावच तापवून चढवलेली असायची, आणि तिची परीक्षाही कानानंच! म्हणजे आमच्या वडिलांचा गोटा आणि रेल्वेचा हातोडा एकाच शाळेचे.

या सगळ्या कामाचे पैसे नव्हते. सुतार, लोहार हे बलुतेदार, सुगीला धान्य न्यायचे. त्रिंबक नारायण आत्र्यांनी 1915 साली या व्यवस्थेवर पुस्तक लिहिलं आणि नाव दिलं "गावगाडा". नाव अगदी नेमकं आहे. पण मी ते दिवस सोन्याचे होते असं म्हणणाऱ्यांतला नाही. त्या व्यवस्थेत कुणाची धाव कधी चढवायची हे पुष्कळदा घर बघून ठरे. शिवाय लोखंडी धाव अरुंद. काळ्या मातीत ती सुरीसारखी रुतायची, रस्त्याला चाकोऱ्या पाडायची आणि ओढ सगळी बैलांच्या खांद्यावर यायची. बैलांचे सुजलेले खांदे मी लहानपणी तेल-हळद लावून चोळलेत.

बैलाचा हा भार हलका करणारी हवेची धाव जिकडे निघाली ती गोष्टही ऐकण्यासारखी आहे. रॉबर्ट विल्यम थॉमसन नावाच्या स्कॉटिश माणसानं 1845 साली हवा भरलेल्या चाकाचं पेटंट घेतलं. आत रबरी नळी आणि बाहेरून कातडं. घोड्याच्या बग्गीला लावून दाखवलंसुद्धा. पण रबर महाग, कुणी विचारलं नाही, जग ते विसरून गेलं. पुढे 1888 साली बेलफास्टमध्ये जॉन बॉइड डनलॉप यानं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलसाठी तीच गोष्ट पुन्हा शोधून काढली. थॉमसनमुळे त्याचं पेटंट पुढे रद्द झालं, पण नाव डनलॉपचंच राहिलं. हा डनलॉप पेशानं कोण होता माहीत आहे? गुराढोरांचा डॉक्टर! आपल्या बैलांवर त्याचे उपकार व्हायचेच होते.

त्याआधी 1839 मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयरनं कच्चं रबर गंधकाबरोबर तापवून टिकाऊ करायची युक्ती शोधली होती. नाहीतर रबर उन्हात चिकट आणि थंडीत ठिसूळ. रबराचं झाड मूळ ब्राझीलचं. 1876 साली हेन्री विकहॅम या इंग्रजानं तिथून सुमारे 70 हजार बिया लंडनच्या क्यू बागेत आणल्या. उगवल्या जेमतेम चार टक्के, पण तेवढ्यांवर पुढे श्रीलंका आणि मलायातले मळे उभे राहिले. केरळात पेरियार नदीकाठी तट्टेकाडला 1902 साली आपल्याकडची पहिली व्यापारी लागवड झाली. हे मळे तयार होईपर्यंत सायकल-मोटारींची भूक भागवणाऱ्यांत आफ्रिकेतलं काँगोही होतं. बेल्जियमच्या लिओपोल्ड राजाच्या खासगी मालकीच्या त्या मुलखात, 1885 ते 1908 या काळात, ठरवून दिलेलं रबर आणलं नाही म्हणून माणसांना मारलं, हात तोडले. इतिहासाच्या तासाला हे सांगताना वर्ग अगदी चिडीचूप व्हायचा. चाकाखाली हवा आली ती फुकटात आली नाही.

आपल्या देशात डनलॉपचा कारखाना बंगालमध्ये हुगळीकाठी साहागंजला 1936 साली निघाला. जनावरांनी ओढायच्या गाड्यांसाठीही टायर बनू लागले. लोखंडी आस, त्यावर बेअरिंग आणि दोन रबरी टायर, अशी गाडी आली. बंगळूरच्या भारतीय व्यवस्थापन संस्थेचे संचालक प्रा. एन. एस. रामस्वामी यांनी 1970 च्या दशकात बैलगाडीच्या सुधारणेचा विषय देशभर लावून धरला. एवढ्या मोठ्या संस्थेचा प्रमुख बैलगाडीबद्दल बोलतो याचं तेव्हा लोकांना नवल वाटे. पण लाकडी गाडीत टनभर माल ओढणारी बैलजोडी टायरगाडीत दीड-दोन टन ओढते हे ज्याला दिसलं, त्याला त्यात नवल वाटायचं कारण नाही.

आमच्या भागात मात्र टायरगाडी आली ती बैलाच्या कळवळ्यानं नाही, उसासाठी.

प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांच्या पुढाकारानं सहकारी साखर कारखाना 1950-51 च्या हंगामात सुरू झाला आणि मग नगर, पुणे, सांगली, कोल्हापूरकडे कारखान्यांची रांग लागली. कारखाना आला की ऊस तोडायला माणसं हवीत. 1972 च्या दुष्काळानं मराठवाड्यातली कोरडवाहू घरं मोडून पडली आणि कोयता हातात घेणारे वाढतच गेले. 1976 साली जायकवाडीचं उद्घाटन झालं. डाव्या कालव्याचं पाणी अंबड, परतूरकडे आलं, काही शिवारं हिरवी झाली, पुढे आपल्याच तालुक्यात अंकुशनगरला समर्थ कारखानाही उभा राहिला. पण कालव्याच्या वरच्या अंगाची गावं कोरडीच राहिली. मी ज्या गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होतो ते त्यातलंच एक. 1981 च्या 1 मे रोजी जालना जिल्हा वेगळा झाला, आमच्या शाळेच्या शिक्क्यावरचं नाव बदललं, बाकी पाऊस तेवढाच राहिला.

ऊसतोडीचा हिशोब असा. मुकादम पावसाळ्यात उचल देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. दसरा झाला की निघायचं, कारखान्यावर कोपी घालून राहायचं आणि उन्हाळ्यात, गुढीपाडवा ते अक्षय्य तृतीयेच्या दरम्यान परत यायचं. ज्यांच्याकडे बैल आणि टायरगाडी ते ऊस तोडायचे आणि वाहायचेही, त्यांना पैसे जास्त. काहींना गाडी कारखान्याकडून भाड्यानं मिळे, काहींची स्वतःची. मुलाचं "ओ बिस ओ" ऐकलं तेव्हा मला तेच आठवलं. आमच्याकडेही ऑक्टोबरपासून साधारण तेवढेच महिने. फक्त तिकडे हंगाम बदलला की टायर बदलतात, इकडे माणसांचं घरच बदलायचं.

परत आल्यावर गाडी दगडांवर चढवून ठेवत, चाकं काढून गोठ्याच्या आडोशाला लावत, वर पोतं टाकत. पावसाळाभर ती तिथेच. घटस्थापनेच्या सुमाराला ती बाहेर निघायची. अंगणात लोळवत आणायची, वाळलेला चिखल झाडायचा, उंदरानं कुठे कुरतडलंय का बघायचं. ट्यूब बाहेर काढून हवा भरायची आणि घमेल्यातल्या पाण्यात दाबत दाबत फिरवायची. जिथे बुडबुडे तिथे खूण, मग ठिगळ. टायरला चीर असेल तर आतून जुन्या टायरचा तुकडा, ज्याला गेटर म्हणतात, तो बसवायचा. आणि शेवटी कडेनं अंगठा दाबत जायचं. कडक लागतंय का, चिरा उघडतायत का, दोरे दिसतायत का.

गावात हे सुरू झालं की माझ्या हजेरीपटाला गळती लागायची. चाकं अंगणात आली, म्हणजे पंधरा दिवसांत त्या घरची पोरं वर्गातून जाणार. जून ते दसरा शाळा, मग एकदम वैशाखात गाठ. तोवर परीक्षा उरकलेल्या. हे मला दिसत होतं, पण ते असंच असतं असं मी धरून चाललो होतो.

1986 साली चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. गणित पक्कं, अक्षर मोत्यासारखं. आमचे चिरंजीव त्याच वर्गात, त्याच्याच बाकावर. त्या वर्षी पाऊस फार कमी झाला होता. एके संध्याकाळी शाळा सुटल्यावर त्याच्या घरावरून जात होतो. वडील अंगणात टायर घेऊन बसलेले. मुलगा मला बघून धावत आला आणि हाताला धरून घेऊन गेला.

"गुर्जी, हितं फुगा आलाय बघा," त्यानं कडेला अंगठा दाबून दाखवलं. लिंबाएवढा फुगवटा होता, त्याखाली दोरे दिसत होते.

वडील ओशाळं हसले. "एवढा हंगाम काढील गुर्जी. आतून गेटर टाकलंय. उचल आली तशी बियाण्याच्या उधारीत गेली. नवा टायर कुठून आणू?"

आता मी काय बोललो ते सांगतो. मी म्हणालो, "पुस्तकं बरोबर घेऊन जा बरं का. वाचत जा." आणि घरी आलो. दोन-तीन आठवड्यांपूर्वीच मी त्याच पोरांना धाव का आवळते हे फळ्यावर चित्र काढून शिकवलं होतं!

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी गाड्या निघाल्या. पाच-सहा दिवसांची वाट. पैठणच्या पुढे एका उतारावर तो टायर फुटला. गाडीत ऊस नव्हता, पण सगळा संसार होता. पिठाची पोती, भांडी, आई, तान्हं मूल. गाडी त्या अंगावर कलंडली आणि आमचा मुलगा त्याच बाजूला बसलेला होता. पाय गाडीखाली सापडला. बाकीचे खरचटण्यावर वाचले. एक बैल कायमचा अधू झाला.

हे आम्हाला गावात कळलं ते मकरसंक्रांतीला, दुसऱ्या एका गाडीवानाकडून. मुलगा वैशाखात परत आला तो लंगडत. पाय जुळला होता, पण वाकडा. जूनमध्ये मी त्याच्या घरी गेलो. तो शाळेत आला नाही. वर्ष वाया गेलेलं, आता लहान पोरांत बसायची लाज. शिवाय उचल आणि औषधाचं कर्ज डोक्यावर. दोन-तीन हंगामांनी तो अर्धा कोयता म्हणून कामाला लागला.

दोष त्या वडिलांचा नाही. त्यांनी टायर तपासला होता, अगदी नीट तपासला होता. काय खराब आहे ते त्यांना माहीत होतं, त्यांच्या मुलालाही माहीत होतं. नुसतं तपासून भागत नाही. जे दिसलं त्यावर काही करायला हातात पैसा लागतो, नाहीतर शेजारी उभा असलेला कुणी तरी लागतो. मी शेजारी उभा होतो. निदान पोराला आजीपाशी ठेवा एवढं तरी मी त्या संध्याकाळी म्हणू शकलो असतो. ते मला सुचलं नाही. तपासणीत कमी पडलो असेन तर मी.

पुढच्या वर्षीपासून मी एक करू लागलो. घटस्थापना आली की संध्याकाळी गावातून आणि तांड्यावरून एक फेरी मारायची. ज्या अंगणात चाकं बाहेर आली असतील तिथे थांबायचं, टायर बघायचा, चहा घ्यायचा आणि मग विषय काढायचा. "पोराला ठेवून जाता का? आजी आहे, चुलती आहे, मी आहे." सुरुवातीला लोक हसायचे. गुरुजी टायरची परीक्षा घेतात म्हणून चेष्टाही व्हायची. एखाद्या वर्षी तिघं-चौघं राहायची, एखाद्या वर्षी एकही नाही. मुली तर क्वचितच मागे राहायच्या, कारण तान्ह्या भावंडाला सांभाळायला त्याच लागत. पण जी राहिली त्यांतल्या काही जणांचे दिवाळीला अजून फोन येतात.

पुढे 2000 नंतरच्या दशकात कारखान्यांच्या आवारात साखरशाळा निघाल्या. छत्रपती संभाजीनगरच्या, तेव्हाच्या औरंगाबादच्या, जनार्थ संस्थेनं त्यात मोठं काम केलं. 2010 साली शिक्षण हक्क कायदा लागू झाला आणि विचार बदलला. मूल आपल्या गावच्या शाळेतच राहावं म्हणून हंगामी वसतिगृहांवर भर आला. मी तोवर निवृत्त झालो होतो. टायरगाड्यांची जागा आता बरीचशी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांनी घेतलीय, ऊस तोडणारी यंत्रंही आलीत. तरी दसऱ्यानंतर अंबड-घनसावंगीच्या रस्त्यावर उभं राहून बघा. ट्रकमध्ये बिऱ्हाडं चढतात, आणि त्या बिऱ्हाडांवर बसलेली पोरं अजून दिसतात.

एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, पुढे वाचनात आली. टायर न वापरता ठेवला म्हणजे जसाच्या तसा राहतो असं आपल्याला वाटतं. ते खरं नाही. हवेतल्या प्राणवायूनं आणि ओझोननं रबर आतून कडक होत जातं. ते होऊ नये म्हणून टायर बनवतानाच त्यात एक प्रकारचं मेण आणि काही रसायनं घालतात. टायर चालता असला की त्याची कड दबते, सुटते, आणि ते मेण हळूहळू वर येऊन पापुद्र्यासारखं संरक्षण करतं. पडून राहिलेल्या टायरला ही मालीश मिळत नाही, म्हणून तो लवकर तडकतो. यासाठी तो उन्हापासून लांब, थंड आणि कोरड्या जागी, तेल-वंगणापासून दूर ठेवायचा. विजेच्या मोटारीजवळ तर ठेवूच नये, तिच्या ठिणग्यांतून ओझोन तयार होतो. आमच्या गावातल्या गोठ्यांत यातलं जमेल तेवढं लोक आपल्या अक्कलहुशारीनं करतच होते. गाडी दगडांवर चढवून टायरवरचा भार काढणं आणि वर पोतं टाकणं हे त्यांना कुणी पुस्तकातून शिकवलं नव्हतं.

आम्हा निवृत्तांनाही हे लागू आहे म्हणा! रोज सकाळी चार पावलं चालतो ते त्यासाठीच. असो.

तर रविवारी मी मुलाला म्हणालो, "तो चिरा पडलेला टायर ठेवू नकोस. एवढा हंगाम काढील असं मनातसुद्धा आणू नकोस."

तो म्हणाला, "नाही बाबा. दोन्ही पुढचे नवे मागवतोय. एकट्या एकाचा उपयोग नसतो, जोडीनं बदलायचे असतात." मग जरा थांबून म्हणाला, "ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे कसे बघायचे ते मला त्यानंच दाखवलं होतं. आठवतं तुम्हाला? चौथीत माझ्या शेजारी बसायचा."

मी म्हणालो, "आठवतं."

एकाच बाकावरची दोन पोरं. अंगठा दाबून काय बघायचं ते दोघांनाही कळत होतं. एकाला नवा टायर घेता येतो, एकाच्या वडिलांना आला नाही. इतकाच फरक, पण केवढा!

मंडळी, तुमच्या घरी गाडी असेल तर पावसाळ्याआधी आणि लांबच्या प्रवासाआधी टायर बघा. मागे डिकीत पडलेला स्टेपनीचा टायर तर आवर्जून बघा, तो वापरात नसतो म्हणून सगळे त्याला विसरतात. आणि आपल्या कुणा नातेवाइकाच्या गावी, नवरात्रात, कुणाच्या अंगणात ठेवणीतली चाकं बाहेर निघालेली दिसली, किंवा आता ट्रॉलीची जुळवाजुळव दिसली, तर नुसता नमस्कार करून पुढे जाऊ नका. दोन मिनिटं थांबा. घरात शाळेत जाणारं मूल आहे का, ते कुठे राहणार आहे, एवढं विचारा.

मी नुसतंच "पुस्तकं घेऊन जा" म्हणालो होतो. तुम्ही तसं करू नका.